पहिल्या आघातापूर्वीचे कर्तव्य

२५ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे प्रजासत्ताकदिनाच्या आदल्याच दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळील पानेवाडी येथे रस्त्यालगतच्या एका ढाब्यापाशी थांबले; तेथे उभ्या असलेल्या टँकरांच्या आडोशाने इंधनाची चोरी व भेसळ चालली असल्याचा त्यांना संशय आला, आणि तपासणीचे आपले कर्तव्य ते बजावीत असतानाच त्या धंद्यातील माणसांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळले. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या स्मृतीतून ही घटना पुसली गेलेली नाही, आणि ती पुसली जाऊही नये. त्या वेळी राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून आपला क्षोभ प्रकट केला आणि गुन्हेगारांस कठोर शासन व्हावे अशी मागणी सर्व थरांतून झाली. परंतु त्या गदारोळात एका प्रश्नाचा विचार व्हावा तितका झाला नाही. पानेवाडीच्या परिसरात तेलकंपन्यांची मोठी आगारे आहेत. जेथे मौल्यवान इंधनाची ने-आण अखंड चालते तेथे चोरीचा धंदा फोफावतो. आणि त्या धंद्याच्या आड येणाऱ्या अंमलदाराच्या जिवास धोका असतो. ही गोष्ट जर आधीच कळण्यासारखी होती, तर ज्या शासनाने सोनवणे यांची नेमणूक केली, त्या शासनाने मालक या नात्याने कोणती तजवीज आधीच करून ठेवावयास हवी होती? प्रस्तुत पुस्तिकेचा जन्म याच प्रश्नातून झाला आहे.

ही पुस्तिका मालकांसाठी आहे. मालक हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत बारा माणसांचे वर्कशॉप चालविणारा उद्योजक, रुग्णालयाचा विश्वस्त, शिक्षणसंस्थेचा कार्यवाह, मेन रोडवरील दुकानदार, निफाडचा द्राक्षबागाईतदार आणि सरकारी कचेरीचा प्रमुख, या सर्वांत वरवर पाहता काही साम्य नाही. तथापि दुसऱ्याच्या श्रमावर ज्याचा कारभार चालतो, आणि तो दुसरा मनुष्य कोठे, केव्हा, कोणाच्या सोबतीने व कोणत्या परिस्थितीत काम करील हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो मालक होय. अधिकाराबरोबर जबाबदारी येते हे तत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु यंत्रावर जाळी बसविणे ही जशी मालकाची जबाबदारी आहे, तशीच माणसाच्या हातून माणसास होणारी इजा टाळणे हीदेखील त्याचीच जबाबदारी आहे, हा विचार आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही. मारहाण झाली की ती दोघांची खाजगी भांडणे, छळ झाला की तो एखाद्याच्या स्वभावाचा दोष, आणि बाहेरच्या जमावाने तोडफोड केली की ते पोलिसांचे काम, असे म्हणून हात झटकण्याचा शिरस्ता सर्वत्र आढळतो.

या शिरस्त्याच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. हिंसा ही विजेप्रमाणे निरभ्र आकाशातून अवचित कोसळते, असे आपण मानतो. माझा अनुभव याच्या उलट आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात दुसऱ्या पाळीच्या एका कामगाराने आपल्याच सहकाऱ्याच्या डोक्यात पाना घातला, आणि त्या प्रकरणाच्या चौकशीत बसण्याचा प्रसंग मजवर आला. व्यवस्थापकांनी प्रथम सांगितले की, हा प्रकार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढे एकेकाची जबानी होऊ लागली, तेव्हा निराळेच चित्र उभे राहिले. तीन आठवड्यांपासून त्या दोघांत बोलाचाली चालू होती. एकाने दुसऱ्यास कँटीनमध्ये सर्वांदेखत धमकी दिली होती. सुपरवायझरने ती ऐकून ‘कामावर लक्ष द्या’ एवढेच सांगितले होते. आणि गेटवरच्या पहारेकऱ्याने तर, पाळी सुटल्यावर एक जण दुसऱ्याची वाट अडवून उभा राहतो, हे दोनदा प्रत्यक्ष पाहिले होते. पहारेकऱ्यास आम्ही विचारले की, तुम्ही हे कोणास सांगितले का नाही? त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘साहेब, मला कोणी विचारलंच नाही.’ त्या कारखान्यात आत येणाऱ्या प्रत्येक खोक्याची नोंद होत होती, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद होत होती, हजेरीपटावर मिनिटांचा हिशेब होता. परंतु एका माणसाने दुसऱ्यास दिलेली धमकी लिहून ठेवावयास एकही वही नव्हती. जखमी माणूस वाचला, मात्र पुन्हा यंत्रावर उभा राहू शकला नाही. आघात होण्यापूर्वी हिंसा बहुधा आपली चाहूल देते, आणि ती चाहूल ऐकणारा कान व टिपून ठेवणारे दप्तर यांचा अभाव हाच खरा कसूर असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या हिंसेचे चार प्रकार मानले आहेत, आणि मालकाने आपल्या आवाराची पाहणी करताना हे वर्गीकरण डोळ्यांपुढे ठेवणे फार उपयुक्त ठरते. पहिला प्रकार चोरीच्या वा लुटीच्या उद्देशाने आलेल्या परक्याचा. रात्रीचा पेट्रोलपंप, सराफाची पेढी, रोकड नेणारी गाडी ही त्याची ठिकाणे. दुसरा प्रकार ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याकडूनच होणाऱ्या हिंसेचा. रुग्णाचे संतप्त नातेवाईक, थकबाकीपोटी वीज तोडावयास गेलेल्या वायरमनवर धावून जाणारा ग्राहक, एसटीच्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून हातघाईवर येणारा प्रवासी, ही याची नित्याची उदाहरणे. तिसरा प्रकार सहकारी, वरिष्ठ वा मुकादम यांच्याकडून होणाऱ्या हिंसेचा व छळाचा. आणि चौथा, ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते असा, घरातील कलह कामाच्या दारापर्यंत येण्याचा; पाळी सुटण्याच्या वेळी गेटबाहेर दारूच्या नशेत उभा असलेला नवरा पाहून मागल्या दाराने जाऊ देण्याची विनंती करणारी कामगार स्त्री ज्याने पाहिली आहे, त्याला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. या चारही प्रकारांची कारणे भिन्न, म्हणून उपायही भिन्न. एकच बंदोबस्त सर्वत्र लागू करणारा मालक पैसा खर्च करतो, परंतु माणसे वाचवीत नाही.

तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत करुण उदाहरण आपल्या राज्यात घडले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, रुग्णालयाच्या तळघरात त्या कपडे बदलीत असताना, तेथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यूने सुटका करीपर्यंत सुमारे साडेएकेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात अचेतनवत पडून राहिल्या. या दीर्घ काळात पिढ्यांमागून पिढ्या परिचारिकांनी त्यांची आपल्या घरच्या माणसाप्रमाणे शुश्रूषा केली. श्रमिकांच्या परस्परनिष्ठेचा याहून उदात्त दाखला मला ठाऊक नाही. परंतु ही सेवा कितीही थोर असली, तरी ती आघातानंतरची होती. कपडे बदलण्यासाठी स्त्रियांना सुरक्षित, वर्दळीच्या जागी असलेली, आतून कडी लागणारी खोली देणे, आणि एकट्या पडणाऱ्या जागी सोबत वा पहारा ठेवणे, हे आघातापूर्वीचे कर्तव्य होय. एका खोलीचा खर्च आणि एका स्त्रीचे संपूर्ण आयुष्य यांची तुलना करावयाची वेळ मालकावर येऊ नये, याचसाठी प्रतिबंधाचा विचार करावयाचा असतो.

आपला कायदा या बाबतीत दोन वाटांनी चालतो, आणि त्या दोहोंतील भेद वाचकाने नीट लक्षात घ्यावा. पहिली वाट शिक्षेची. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसक कृत्यांस प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्यान्वये असा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरतो, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडतोड झालेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, केंद्र शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा आणखी वाढविली. त्याआधी, २०१० चा कायदा असूनही, मार्च २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या धुळ्यात एका निवासी डॉक्टरास रुग्णाच्या नातेवाइकांकडून इतकी जबर मारहाण झाली की, त्याच्या डोळ्यास गंभीर इजा पोहोचली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. कायदा त्या दिवशी सात वर्षांचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाल्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने असा हुकूम काढला की, सेवेत असलेल्या आरोग्यसेवकावर हल्ला झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत फिर्याद नोंदविलीच पाहिजे. फिर्यादीचा भार जखमी माणसाच्या शिरावरून संस्थेच्या शिरावर आला, ही या हुकुमातील मोलाची गोष्ट. तथापि शिक्षेचा धाक क्रोधाने अंध झालेल्या जमावापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. त्याच्याआधी पोहोचावयास हवी ती मृत्यूची वार्ता नातलगांस सहृदयतेने सांगणारी व्यक्ती, रुग्णामागे दोनच माणसांस आत सोडणारा पास, आणि अपघातविभागातून डॉक्टरला बाहेर पडता येईल असे दुसरे दार.

दुसरी वाट प्रतिबंधाची, आणि तिचा उगम एका खेड्यात आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भँवरीदेवी या शासनाच्या ‘साथिन’ म्हणून काम करीत, आणि त्या कामाचा भाग म्हणून त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निर्णय देऊन असे प्रतिपादिले की, कामाच्या ठिकाणी स्त्रीस सुरक्षितता मिळणे हा तिच्या मूलभूत हक्कांचा भाग आहे, आणि ती मिळवून देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. संसदेस त्याचा कायदा करावयास सोळा वर्षे लागली. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ मध्ये संमत होऊन ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला.

त्यातील मुख्य तरतुदी अशा : दहा वा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्षा वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया तीत नसाव्यात, आणि एक सभासद बाहेरचा, या विषयाची जाण असलेला असावा. तक्रार तीन महिन्यांत करावी, आणि सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढविता येते. चौकशी नव्वद दिवसांत संपावी. अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यावा. आणि मालकाने त्यावर साठ दिवसांत कार्यवाही करावी. समेट होऊ शकतो, मात्र तो तक्रारदार स्त्रीच्याच इच्छेने, आणि पैसा हा त्याचा पाया असता कामा नये. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. समिती न नेमणाऱ्या मालकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि तोच कसूर पुन्हा केल्यास दुप्पट दंड व परवाना रद्द होण्यापर्यंत पाळी येते. परंतु या सर्वांहून महत्त्वाचे आहे ते एकोणिसावे कलम, ज्यात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कारण त्यात, कामाच्या ओघात संबंध येणाऱ्या त्रयस्थ माणसांपासूनही संरक्षण देण्याची, शिक्षेचे फलक दर्शनी भागी लावण्याची, वेळोवेळी प्रशिक्षण घडविण्याची आणि पीडितेस हवी असल्यास पोलिसांत फिर्याद देण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हीच ती पहिल्या आघातापूर्वीची वाट.

मात्र समिती कागदावर असणे आणि समिती जिवंत असणे यांत मोठे अंतर आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने एकीकडे असे नमूद केले की, चौकशी समितीने अवाजवी घाई करून आरोप असलेल्या व्यक्तीस बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, आणि म्हणून शिक्षा रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. तर दुसरीकडे, कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी कितीतरी ठिकाणी समित्याच नाहीत याबद्दल तीव्र खेद व्यक्त करून त्या नेमण्याविषयी देशभर आदेश दिले. या निर्णयाची ही दोन्ही अंगे मालकाने सारख्याच आदराने वाचावीत. दिरंगाई हा जसा अन्याय, तशी आततायी घाई हाही अन्याय; जेथे दोन्ही बाजूंची कैफियत शांतपणे ऐकून घेतली जाते, तेथेच पुढची तक्रार घेऊन येण्याचे धैर्य दुसऱ्या कोणास होते.

आता आपल्या नाशिककडे वळू. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आली, पुढे ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला, सातपूर व अंबड येथे वसाहती वसल्या, आणि या तीर्थक्षेत्राचे एका औद्योगिक नगरात रूपांतर झाले. मोठ्या कारखान्यांत कायदा जाणणारी माणसे असतात. प्रश्न आहे तो लहान वर्कशॉपांचा, जेथे मालक, व्यवस्थापक आणि टाइमकीपर हे तिघेही बहुधा एकच गृहस्थ असतात. ‘आमच्याकडे कायम कामगार सहाच आहेत, आम्हांस हा कायदा लागू नाही,’ असे उत्तर अशा ठिकाणी मी पुष्कळदा ऐकले आहे. ही समजूत दोन प्रकारे चुकीची आहे. कायद्याच्या व्याख्येत रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेली, तात्पुरती आणि शिकाऊ माणसेही मोडतात, म्हणून सहाचे दहा सहज होतात. आणि खरोखरच दहांहून कमी माणसे असली, अथवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तरी तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट द्राक्षबागांची. छाटणीपासून विरळणीपर्यंत आणि पुढे काढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांत जे हात राबतात, त्यांतले पुष्कळ हात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या स्त्रियांचे असतात. पहाटेच्या अंधारात पिकअप गाडीत दाटीवाटीने बसून त्या येतात आणि दिवेलागणीला परततात. त्यांचा मुकादमच त्यांचा मेहनताना ठरवितो, तोच उचल देतो, आणि त्याच्याविरुद्ध बोलावयाचे तर उद्याचे काम जाते. या स्त्रियांपैकी कितीजणींस हे ठाऊक असेल की, मालकाने पुरविलेली गाडी हीदेखील कायद्याने कामाचीच जागा आहे, आणि त्या पिकअपमध्ये झालेल्या छळाची तक्रार बागेत झालेल्या छळाइतकीच ग्राह्य आहे? त्यांस हे ठाऊक नसेल, तर ते सांगण्याचे कर्तव्य बागाईतदाराचे आहे. परदेशी ग्राहकांसाठी प्रत्येक घडावरील औषधाच्या अंशाचा जो हिशेब ठेवतो, त्याला आपल्या गाडीत कोण, कोणाबरोबर व कसे बसून येते याचा हिशेब ठेवणे अवघड नाही.

येथे एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. २०१३ च्या अधिनियमाचे छत्र स्त्रियांवर आणि लैंगिक छळापुरतेच आहे. मुकादमाच्या हातचा मार खाणारा बिगारी, गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकणारा डिलिव्हरीचा मुलगा, सहकाऱ्यांच्या टवाळीने खचलेला शिकाऊ कामगार, यांच्यासाठी मालकावर तितक्याच स्पष्टपणे प्रतिबंधाचे कर्तव्य टाकणारा कायदा आपल्याकडे नाही. त्यांना आघातानंतरचा फौजदारी मार्ग तेवढा मोकळा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २१ जून २०१९ रोजी १९० क्रमांकाचा करार संमत करून सर्व कामकऱ्यांस, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेसह, हिंसामुक्त कामाचा हक्क मान्य केला. भारताने मात्र त्यास अद्याप मंजुरी दिलेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांवर असे बंधन घातले की, त्यांनी हिंसाप्रतिबंधाची लेखी योजना करावी, ती करताना कामगारांस सहभागी करून घ्यावे, प्रत्येक हिंसक प्रसंगाची नोंदवही ठेवावी, दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवू नये. त्याच दिवशी आपल्याकडे भारतीय न्याय संहिता अमलात आली. एका देशात त्या दिवशी धमकी नोंदविण्याची वही उघडली गेली, आणि दुसऱ्या देशात गुन्ह्यांच्या कलमांचे क्रमांक बदलले. आपल्या मालकांनी कायद्याची वाट न पाहता पहिली गोष्ट स्वेच्छेने का करू नये?

प्रस्तुत पुस्तिका तेवढ्यासाठीच रचली आहे. तिच्या पहिल्या भागात आवाराची पाहणी कशी करावी, दिवे, कुंपण, एकाकी जागा, रात्रपाळीची गाडी व रोकड हाताळण्याची रीत कशी तपासावी, हे सांगितले आहे. दुसऱ्यात समितीची रचना व चौकशीची पद्धत. तिसऱ्यात सुपरवायझर, मुकादम व पहारेकरी यांचे प्रशिक्षण. चौथ्यात प्रसंग घडल्यानंतर औषधोपचार, फिर्याद, रजा आणि माणसास सन्मानाने पुन्हा कामावर रुजू करून घेणे यांचा क्रम दिला आहे. खर्चाचा आक्षेप मी ऐकला आहे. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा थोडा आणि लक्ष फार लागते. आणि लक्ष देणे ज्यास परवडत नाही, त्याने दुसऱ्याच्या श्रमावर कारभार चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेच्या अखेरीस नोंदवहीचा एक कोरा नमुना जोडला आहे. वाचणाऱ्या प्रत्येक मालकास माझी एकच विनंती आहे : पुढील प्रकरण उघडण्यापूर्वी आपण गेटवर जावे, पहारेकऱ्याशेजारी दोन घटका बसावे, गेल्या महिन्याभरात येथे कशाची भीती वाटली हे त्यास विचारावे, आणि तो जे सांगेल ते स्वतःच्या हाताने त्या नमुन्यावर लिहून, खाली तारीख घालावी.